गोधडीवरचा डॉलर

बावड्याच्या कौसल्याबाईंना सरळ टाका घालता येत नाही असं नाही. पण गोधडीच्या काठाला त्या तो घालत नाहीत. काठ सरळ शिवला की पांघरणाऱ्याला नजर लागते, असं त्यांच्या आईचं म्हणणं. आणि वाकडी रेघसुद्धा आपल्या मनानं मारायची नाही, ती देवाला मारू द्यायची. म्हणून चिंचोका मधोमध फोडायचा, त्याची एक फाक घ्यायची आणि देवाचं नाव घेऊन उडवायची. पांढरी बाजू वर पडली तर टाका जरा वर, काळी पडली तर जरा खाली. असा टाका टाका करत काठ पुरा व्हायचा. चार गोधड्या शेजारी शेजारी अंथरा, एकीचा काठ दुसरीसारखा नाही. कुठं लांबलचक चढ, कुठं उतार, कुठं नुसते करवतीचे दात. कुणी विचारलं, की बाई, हा चढ कशाचा, तर त्या म्हणणार, "कशाचा न्हाय गं. पडला तसा पडला."

त्यांचे मालक दत्तोबा मात्र कुठल्याच गोष्टीला 'पडला तसा पडला' म्हणू द्यायचे नाहीत. त्यांना प्रत्येकाचं कारण लागायचं. कारण नाही सापडलं तर ते तयार करायचे.

त्यांची डाळिंबाची बाग. माल आखातात पाठवणारा विजयसिंह यंदा म्हणाला, "आबा, ज्या दिवशी तोड, त्या दिवशीच्या डॉलरवर भाव. दिवस तुमी सांगायचा." इथंच माशी शिंकली. आबांनी सुनेला, राजेश्वरीला बसवून मोबाईलवर डॉलरची रेघ बघायला शिकून घेतलं आणि त्या दिवसापासून घरात देवाच्या आधी डॉलरचं दर्शन सुरू झालं.

"आज चढला! तेल महागलं ना तिकडं."

दुसऱ्या दिवशी तोच डॉलर खाली.

"आता तेल स्वस्त झालं व्हय?" कौसल्याबाई निरांजनाची वात सारखी करत विचारायच्या.

"महागच हाय. पण ते बाजारानं कालच धरलं हुतं."

"मग कालच का न्हाय सांगितलं?"

"काल कुठं कळलं हुतं!"

पारावरची माणसं त्यांना डॉलरआबा म्हणायला लागली. आबांना ते मनातून आवडलं. पण इकडं बाग पिकून लाल झाली होती. आबा म्हणत, अजून दोन दिवस, रेघ उठायला लागलीय. दोन दिवसांनी रेघ बसायची आणि आबा पुन्हा दोन दिवस मागायचे. तोवर फळं उलायला लागली. रोज सकाळी कौसल्याबाई बागेत जाऊन तडकलेली फळं ओच्यात घेऊन यायच्या. तडकलं फळ दर्यापार जात नाही. वर्षभराची मेहनत झाडावरच फुटत होती आणि मालक मोबाईलवर बोट फिरवत बसले होते.

"अवो, वर्षाकाठी डॉलर चढतोय ते खरं असंल," त्या एकदा म्हणाल्या. "उजनीचं पाणी वाढलं का घटलं, ते भिगवणच्या मासेवाल्याला महिन्यानं कळतं. पण वाऱ्यानं हललेली एकेक लाट बघून त्यो होडी आत-भाईर करत बसला, तर मासं कवा धरायचा?"

"तुला बाजारातलं काय कळतं!"

विषय मिटला. फळं उलतच राहिली.

एके दिवशी आबा बागेतून आले, तर ओसरीतल्या बाजेवर गोधडी पसरलेली. लेक प्रगती बाळंतपणाला यायची होती, तिच्या बाळासाठी. पांढऱ्या काठावर लाल दोऱ्याची रेघ. आबा थबकले. चष्मा घरात. वाकून बघायला लागले आणि एकदम खूश झाले.

"राजेश्वरी! डॉलरची रेघ मोठी करून काढलीस व्हय? लई झाक! हे बघ, हितं दोनदा आपटला, हितं दम खाल्ला, आता उठला! तोड परवा. विजयसिंगाला सांग."

राजेश्वरीनं तोंडात पदर कोंबला. "मामा... त्ये..."

"अवो," कौसल्याबाई आतून आल्या, "तुमी पायथ्याकडनं बघताय. उशाकडनं बघा."

आबा फिरून उशाकडं गेले. दोनदा आपटल्याचे खळगे आता रेघेच्या शेवटाला दोन उंचवटे झालेले.

"आरं तिच्या! मग परवा पडणार की!"

"पडणार न्हाय का चढणार न्हाय. डॉलर न्हवं त्यो. चिंचोका हाय."

बाईंनी फाक उडवून दाखवली. पांढरी. परत पांढरी. तिसऱ्यांदाही पांढरी.

"आता काळी," आबा लगेच म्हणाले.

पांढरी.

"मग पांढऱ्याचा जोर हाय. पांढरीच येणार."

काळी.

"बेइमान हाय तुझा चिंचोका!"

"बेइमान कशानं? मागल्या बारीला काय पडलं, ते त्या बिचाऱ्याला ठावंच न्हाय. ध्यानात तुमीच ठेवताय."

आबा काठावरच्या रेघेकडं बघत राहिले. दोनदा आपटल्याची ती जागा अजूनही त्यांना डॉलरचीच वाटत होती. तेवढ्यात विजयसिंहाचा फोन आला. "आबा, मजूर हायती, गाडी हाय. आत्ता तोडायचं का? न्हायतर शेजारच्या बागेत जातो."

आबांचा अंगठा सवयीनं डॉलरकडं निघाला. कौसल्याबाईंनी सकाळच्या तडकलेल्या फळांची पाटी त्यांच्या पायापाशी आणून ठेवली.

आबांनी पाटीत बघितलं. "ये," ते फोनमध्ये म्हणाले. "लगोलग ये."

दुपार कलता कलता गाडी भरली. एवढा उशीर होऊनही फळं बरीच वाचली होती. विजयसिंह मोबाईल बघून म्हणाला, "डॉलर आज जरा उतरलाय, आबा. उद्याचा अंदाज सांगा की, शेजारच्या बागेचं ठरवायचंय."

आबा एक उललेलं डाळिंब सोलून कौसल्याबाईंच्या ओंजळीत दाणे टाकत होते. त्यांनी मान वर केली.

"गाडी उन्हात लावलीस का रं? सावलीत घे आधी. फळ तापतंय."