मूठ आणि उभा अंगठा

गाडीच्या दुकानात शिरल्यावर माणसं आधी रंग बघतात, मग किंमत विचारतात, मग दार उघडून आत बसून पाहतात. नाना आधी जमिनीवर आडवे व्हायचे. डोक्यावरची टोपी काढून शेजारी ठेवायचे, चकचकीत लादीवर गाल टेकवायचे आणि उजव्या हाताची मूठ गाडीच्या पोटाखाली उभी धरायचे. मुठीवर अंगठा सरळ. अंगठ्याचं टोक वर टेकलं नाही तर उठून नुसतं "हं" म्हणायचे. टेकलं तर कपडे झटकत म्हणायचे, "भ्यावानं काम शे, साहेब."

म्हणजे हे भिण्याचं काम आहे.

तुमच्याही कार्यालयात असा एखादा ड्रायव्हर असेल, ज्याच्या नावावर एक अपघात नाही आणि तरीही कुणाला त्याच्या गाडीत बसायचं नसतं. आमचे नाना तसे होते. जळगावच्या आमच्या सरकारी कार्यालयाची जीप ते चालवत. आवारातून बाहेर पडताना तीनदा हॉर्न. गतिरोधक आला की "धरून बसा." पुढे बैलगाडी असली तर तिच्या मागेमाग, बैलांच्या चालीने. शिपाई म्हणायचे, "नानांच्या जीपला सायकलवाले साइड मागतात." साहेबांना घाई असली की ते दुसरा ड्रायव्हर बोलवत. नानांना त्याचं काही वाटत नसे. मी लिपिक असूनही ते मला साहेब म्हणत. "शिकलेला माणूस साहेबच," हे त्यांचं म्हणणं.

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी किती गाठी पाठीवर वाहिल्या हे ते कधी बोलले नाहीत, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. अशा घरात चारचाकीचा विषय निघणं हीच मोठी गोष्ट. पण तो हौसेपोटी निघाला नव्हता.

बायकोचं माहेर एरंडोलच्या पलीकडे, आडरस्त्याला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. ती तिकडे गेली, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, गावात वाहन नव्हतं. बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथे एस्टीची वाट बघत दीड तास. मूल राहिलं नाही. मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्याचं तोंड मी पाहिलं नाही.

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. घरात कुणी पेढे वाटले नाहीत. आई देखील हळू आवाजात बोलायची, जणू मोठ्याने बोललं तर कुणी ऐकेल. मी रात्री उठून बायकोचा श्वास ऐकत बसायचो. तेव्हाच ठरवलं, सातव्या महिन्याच्या आत दारात गाडी हवी. नवी हवी, कारण जुनी वाटेत बंद पडली तर काय. लहान हवी, कारण मोठी परवडणार नव्हती. आणि पेट्रोलची, कारण लहान गाडीत तीच स्वस्त मिळत होती. यापुढे मला काही कळत नव्हतं. म्हणून मी नानांना म्हणालो, "नाना, तुम्ही चला."

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सासरवाडीच्या रस्त्याला नाला किती?"

"एक. फरशी पूल आहे त्यावर."

"फरशी," ते म्हणाले आणि जीप पुसायला लागले. नाल्यातून आडवा टाकलेला तो बुटका काँक्रीटचा पट्टा. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जातं. आपल्याकडच्या निम्म्या गावांना असाच रस्ता आहे.

जळगावातल्या दुकानात सगळेच घेतात ती छोटी गाडी होती. किंमत माझ्या आवाक्यातली. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीतही एक उभी असायची. नाना आडवे झाले. अंगठा वाकला. विक्रेता म्हणाला, "काका, लाखो लोक चालवतात ही."

"चालवू द्या," नाना म्हणाले. "त्यांच्या सासरवाडीला पूल असतील."

मग कळलं की एक नवी छोटी गाडी आली आहे, टप उंच, पोटही उंच, पण ती धुळ्याला बघायला मिळेल. नाना म्हणाले, "जाऊ. पण घरची माणसं घ्या. सगळी."

आम्ही एस्टीने सहा जण धुळ्याला गेलो. आई, वडील, मोठी बहीण, बायको, मी आणि नाना. त्या दुकानात काच, पंखे, टाय लावलेला पोरगेला विक्रेता. नानांनी आधी रिकाम्या गाडीखाली मूठ धरली. अंगठा मोकळा राहिला. मला हायसं वाटलं. पण ते उठले नाहीत. पडल्यापडल्याच म्हणाले, "आता बसा सगळे."

"काका, ही चार जणांची फॅमिली कार आहे," विक्रेता म्हणाला.

"खान्देशात चार जणांची फॅमिली कुठं पाहिली तुम्ही? बाळंतिणीला न्यायला कोण कोण जातं? आई, सासू, मावशी, शिवाय पाण्याचा हंडा. रिकामी गाडी मोजून काय करू?"

आम्ही बसलो. बायकोला मांडीवर कुणी नको म्हणून पुढे एकटी बसवली. तरी नानांचं समाधान होईना. त्यांनी दाराजवळच्या रखवालदाराला हाक मारली, "भाऊ, तुम्हीपण या." रखवालदार काठीसकट मागे शिरला. दुकानातले सगळे हसत होते. वडील तेवढे हसले नाहीत. ते आसनावरच्या प्लॅस्टिकवर हात फिरवत होते, एखाद्या गाठीचा कापूस बघावा तसे. खालून नानांचा आवाज आला, "बठ्ठा बसनात का?" सगळे बसलो म्हटल्यावर, "टेकत नाही. घ्या ही."

पैसे कमी पडत होते. नानांनीच मार्ग काढला. एसी नको, गाणी नकोत, काचा हाताने फिरवू. त्या गाडीचं सगळ्यात साधं मॉडेल, पांढऱ्या रंगाचं, आम्ही घेतलं. ताब्यात घेताना दुकानवाले चाकाखाली लिंबू ठेवत होते. आमच्या घरात ते चालत नाही. मी चाचरत तसं सांगितलं. नाना म्हणाले, "राहू द्या. लिंबानं ब्रेक लागत नाही." काचेवरचा झेंडूचा हार मात्र त्यांनी स्वतः काढला, मागे ठेवला. "समोर दिसू द्या."

आठव्या महिन्यात सासूबाईंनी डोहाळजेवणासाठी लेकीला नेलं. मला नको होतं. पण रीत आडवी आली, आणि गेल्या खेपेचं नाव कुणीच काढेना, म्हणून मलाही काढता आलं नाही. नववा लागला की मी आणायला येईन, एवढंच ठरलं. माझा चालवण्याचा परवाना नवाच होता. म्हणून नाना रजा घेऊन गाडी चालवायला सोबत आले.

सकाळी आम्ही फरशीवरून गेलो तेव्हा नाल्यात डबकी होती. गावात पोहोचलो तर बायको भिंतीला धरून उभी. कळा पहाटेच सुरू झाल्या होत्या. सासूबाई, चुलत सासू, गाठोडं, पाण्याचा हंडा, नाना सांगत होते तसंच सगळं मागे चढलं. निघालो. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. फरशीपाशी आलो तर ती दिसत नव्हती. गढूळ पाणी तिच्यावरून वाहत होतं, फार नाही, कडेचे बुटके दगड अजून वर डोकावत होते.

नानांनी गाडी थांबवली.

"चला ना," मी म्हणालो. "उंच गाडी घेतली ती याच्यासाठीच ना?"

"नही, भाऊ. पानी शे."

ते मला भाऊ म्हणाले हे तेव्हा लक्षात आलं नाही. मागून बायको ओरडली. सासूबाई रडायला लागल्या, "मनी पोर मरी जाई, नाना!" तेवढ्यात मागून एक जीप आली, माणसांनी गच्च भरलेली. ती आमच्या बाजूने पुढे गेली, पाण्यात शिरली, डावीकडे जराशी सरकली आणि पलीकडे निघाली. पलीकडून त्यांनी हात हलवून आम्हाला बोलावलं.

"बघा, गेली!"

"ती गेली," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी किल्ली काढली आणि मुठीत घट्ट धरली.

मी त्यांच्या मनगटाला झोंबलो. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या. आणि म्हणालो, "तुमच्या भेकडपणापायी माझं हेही मूल जाईल. लक्षात ठेवा, तुम्ही मारलंत म्हणेन मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी मागे वळवली. पाटाच्या कडेने कच्चा रस्ता जातो, तो लांबच्या मोठ्या पुलाला मिळतो. त्या रस्त्यावर दगड, चाकोऱ्या, मध्ये मातीचा उंच दांडा. भरलेली गाडी त्याच्यावरून गेली, पोट एकदाच खरवडलं. नाना वाऱ्यासारखे हाकत होते. त्यांना असं हाकताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी मागे हात करून बायकोची बोटं धरली होती. ती गार होती. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की भीतीला जागाच उरली नव्हती, आणि मग हायवेला लागल्यावर तीच सगळी एकदम आली.

जळगावच्या दवाखान्यात तिला आत घेतलं. मला औषधांची चिठ्ठी देऊन बाहेर पाठवलं. परत आलो तेव्हा परिचारिकेच्या हातात मुलगी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अर्धा तास आधी आणलं असतं तर एवढी ओढाताण झाली नसती. पण दोघी ठीक आहेत."

मी खाली धावलो. गाडी नीट सावलीला लावलेली होती. किल्ली रखवालदाराकडे. नाना गेले होते.

नंतर ते माझ्या गाडीत कधी बसले नाहीत. कार्यालयात दिसले की "पोरगी?" विचारत, मी "बरी आहे" म्हणे. बस. अर्ध्या तासाचं ते वाक्य डोक्यात होतं, पाण्यात सरकलेली ती जीपही होती. कुणाचं बरोबर होतं हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही. पण भेकड हा शब्द परत घ्यायचा राहिला होता. दिवाळीत ते निवृत्त झाले आणि धुळ्याला मुलाकडे गेले.

होळीनंतर आम्ही तिघं धुळ्याला गेलो. दार नानांच्या बायकोने उघडलं. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि कळलं.

"पंधरा दिवस झाले," अक्का म्हणाल्या. "छातीत दुखलं. रिक्षात घातलं तर रिक्षावाल्याला सांगत होते, सावकाश घे, पुढे शाळा आहे."

आम्ही चटईवर बसलो. मग त्यांनीच सांगितलं. सरकारी नोकरीच्या आधी नाना खाजगी जीप चालवायचे, गावोगाव. एका पावसाळ्यात फरशीवर घोट्याएवढं पाणी होतं. प्रवासी म्हणाले चल, ते गेले. मधोमध जीपचं पोट कशाला तरी अडकलं आणि पाणी चढत गेलं. माणसं उतरून बाहेर आली. मागच्या बाकावर त्यांची स्वतःची मुलगी होती, नऊ वर्षांची. मामाकडे निघाली होती.

"त्या दिवशी भ्याले नव्हते," अक्का म्हणाल्या. "तेवढाच एक दिवस."

माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी म्हणालो, "अक्का, मी त्यांना फार वाईट बोललो होतो. नाल्यापाशी. ते सांगायलाच आलो होतो."

"बोललात ते नाही सांगितलं मला. त्या दिवशी घरी आले, चपला दवाखान्यातच विसरून अनवाणी आले, आणि म्हणाले, पोरगी झाली त्यांना. दवाखान्याच्या मागच्या खिडकीखाली उभे होते म्हणे. रडणं ऐकलं, मगच निघाले. कसं रडली तेच सांगत होते सारखं."

त्यांनी हात पुढे केले. बायकोने मुलगी त्यांच्या मांडीवर दिली. नवा चेहरा बघून ती बिथरली, ओठ काढले आणि घर डोक्यावर घेतलं. मी तिला घ्यायला घाईने उठलो.

अक्कांनी तिला आणखी जवळ धरलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "रडू द्या थोडं."