तीन खाचांचे प्लग

आकाराम मिस्त्रींना मी काका म्हणायची, आणि आजही त्यांच्यावर माझा राग आहे तो आहेच.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं, दरबारचा मोटारखाना बंद पडला आणि तिथले दोन जिवलग मित्र रस्त्यावर आले. आकारामकाकांनी शाहूपुरीत पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं, गणपतरावांनी समोरच सुट्या भागांचं दुकान. गणपतरावांनी दिलेली वस्तू काका कधी तपासत नसत. "गणपानं दिलंय न्हवं? मग झालं की!"

एरवी माणूस विलक्षण काटेकोर. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून घासायचा, पेट्रोलनं धुवायचा, टोकाची फट पत्तीनं मोजायची आणि दर सफाईला कडेवर कानशीनं एक तिरकी खाच पाडायची. तीन खाचा झाल्या की पुढच्या वेळी प्लग बाद. बाद प्लग मोडीत घालतो म्हणून गणपतराव घेऊन जायचे. ही खाचेची पद्धत साऱ्या कोल्हापुरात एकट्या काकांची.

चोपन्न साली आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, गाडीत काकांनी चार नवे प्लग बसवले. परदेशी माल मिळत नव्हता. गणपतरावांनी म्हणे मित्रासाठी खास राखून ठेवला होता. पंधरा दिवसांत गाडी आचके देऊ लागली आणि चंदगडला जाताना भर घाटात बंद पडली. दादा मोठे वकील, अशील ताटकळलेलं. घरी आले ते तणतणतच.

काकांनी प्लग काढले. टोकं काळीकुट्ट.

"मिस्त्री, प्लगच खराब हायत. एकदा नीट बघा की," आमचा ड्रायव्हर केरबा म्हणाला.

"गणपाचा माल खराब न्हाय निघत. तूच चोक ओढून गाडी हाकतोस, म्हणून काजळी धरती!"

मिस्त्री बोलले म्हणजे संपलंच. मला रोज शाळेत सोडणाऱ्या, बारा वर्षं गाडी सांभाळलेल्या केरबाला दादांनी उभ्या उभ्या काढून टाकलं. तो इचलकरंजीला मागावर गेला. काकांनी प्लग साफ केले, एकेक खाच पाडली आणि परत बसवले.

महिन्याभरात गाडी पुन्हा अडली. आता ड्रायव्हर नवा होता. मी गॅरेजातच होते. काकांनी आपली खाच बघायला प्लगची कड पुसली, तर तापून पोपडे धरलेला चकचकीत रंगाचा जाड थर फडक्याला लागून आला. खाली एक ताजी खाच आणि शेजारी तीन जुन्या, तशाच तिरक्या. चारही प्लगांवर तेच.

काकांनी रस्ता ओलांडून ते प्लग गणपतरावांपुढे ठेवले. त्या निर्लज्ज माणसानं मानही खाली घातली नाही.

"तू तपासत न्हाईस, म्हणून तर तुला दिलं. दुसऱ्या मिस्तरीनं घेतलं असतं व्हय?"

काकांनी दादांचे पाय धरले, केरबाला परत आणायचं म्हणून गाडीची किल्ली मागून घेतली आणि बसनं इचलकरंजी गाठली. मी हट्टानं बरोबर गेले. मागांच्या खडखडाटात त्यांनी केरबाला सगळं सांगितलं, हात जोडले, किल्ली पुढे केली.

केरबानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. किल्लीला हात लावला नाही.

"गणपतरावानं तुमास्नी फसवलं, ते तुमचं तुमी बघा. मला फसवलं ते तुमी. एकदा बघा म्हनलं हुतं मी."

येताना किल्ली काकांच्या मुठीतच होती.