मधली सीट रिकामी

आमचे हे जळकुकडे आहेत. हे मी त्यांच्या माघारी नव्हे, तोंडावर सांगते, आणि ते नाकारतही नाहीत. फक्त म्हणतात, "जळत नाही गं, मला अन्याय दिसतो." आता समोरच्यांच्या गॅलरीतल्या कुंडीला आमच्या कुंडीच्या आधी फूल आलं, यात अन्याय कुठला? पण तोही त्यांना दिसतो, आणि मग दिवसभर ते आमच्या कुंडीशी बोलत नाहीत.

अशा माणसाला देवाने नोकरी कोणती द्यावी? दुसऱ्यांच्या सुट्ट्या आखून द्यायची. चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची प्रवास कंपनी आहे. तिथे खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर ते बसतात. खिडकीजवळच्या टेबलावर कोण बसतं ते त्यांना विचारू नये. टेबलाच्या काचेखाली जगाचा नकाशा, काचेवर शेपूट तुटून पुन्हा चिकटवलेलं खेळण्यातलं विमान, आणि समोर येऊन बसणारी माणसं सगळी बेटावर निघालेली. निळं पाणी, पांढरी वाळू, झावळ्यांच्या छपराची खोली. विमान कुठे बदलायचं, मधला थांबा किती ठेवायचा म्हणजे धावपळही होत नाही आणि कंबरही मोडत नाही, उतरताना बेट कुठल्या बाजूच्या खिडकीतून दिसतं, हे सगळं ते सांगतात. स्वतः मात्र दोन तासांपलीकडच्या विमानात कधी बसले नव्हते.

मनातल्या मनात जळून माणूस किती जळणार? ह्यांनी त्यावर एक उपाय काढला होता. गिऱ्हाईक साधेपणाने बोललं, तर त्याला खिडकी. पण "गेल्या वर्षीचं बेट जरा लहानच पडलं हो आम्हाला" असं कुणी म्हणालं, की ह्यांचा चेहरा अगदी गोड व्हायचा आणि त्या माणसाला मधली सीट मिळायची. दोन परक्यांच्या कोपरांमध्ये अख्खा समुद्र ओलांडायचा. संध्याकाळी घरी आल्यावर चहा पिता पिता मला सांगायचे, "आज एकाला मधली दिली." मी म्हणायचे, "हाच का तुमचा न्याय?" ते म्हणायचे, "छोटासा."

पण ह्यांच्या जळण्यातला सिंहाचा वाटा राखून ठेवलेला होता तो आमच्या साडूंसाठी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यासाठी. त्यांचा फरशांचा व्यापार. हे त्यांना 'फरशी' म्हणतात. "ज्याचा धंदाच लोकांच्या पायाखाली, त्याने किती वर मान करावी?" असा ह्यांचा विनोद होता. तो मी इतक्यांदा ऐकला होता की आता मी त्यावर हसायचं विसरते आणि मग ते रुसतात. खरं दुखणं वेगळं होतं. दोन्ही लग्नं झाली तेव्हा हे पंख्याखालच्या खुर्चीवर बसणारे होते आणि फरशी सायकलला फरशांचे नमुने बांधून उन्हातून फिरत होते. तेव्हा ह्यांच्याइतका प्रेमळ साडू शोधून सापडला नसता. पाणी काय, उपदेश काय, सगळं पुढे होऊन द्यायचे. मग सायकलीची गाडी झाली, दुकानाची तीन दुकानं झाली, आणि ह्यांचा उपदेश आटला.

एकच गोष्ट ह्यांना सुखवायची. धाकटी आणि साडू आमच्याकडे यायचे ते नेहमी टॅक्सीने. खालून टॅक्सीचं दार वाजलं की हे गॅलरीतून वाकून पाहायचे आणि आत येऊन मला हळूच सांगायचे, "गाडी पुन्हा बिघडलेली दिसतेय. मोठी घेतली की असंच होतं." त्या दिवशी ह्यांना जेवण दोन घास जास्त जायचं.

अशाच एका रविवारी जेवणानंतर साडू म्हणाले, "साडूभाऊ, आपण चौघं एकदा बेटावर जाऊ या की. तुम्ही लोकांना पाठवता, आम्ही नुसतं ऐकतो. विमानं तुम्ही आखायची, सगळं तुमच्या हातात. मला सामानात टाकून नेलंत तरी चालेल."

हे म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात त्या बेटाशिवाय विषय नव्हता. मी भाजी चिरायला जागा मागितली तर म्हणाले, "तिथे थांबा आहे, जरा पलीकडे चीर." मला त्यांची मजा वाटत होती. लोकांसाठी आखताना त्यांचा हात कंटाळलेला असायचा. आता स्वतःसाठी आखताना पेन्सिल लहान मुलासारखी धरली होती.

मी एकच मागणं मागितलं. "अहो, लांबच्या विमानात मला धाकटीच्या शेजारी बसवा." लहानपणी आम्ही दोघी एका पलंगावर झोपायचो आणि आई ओरडेपर्यंत बोलायचो. लग्नं झाल्यापासून एक अख्खा दिवस आम्हाला मिळाला नव्हता. कधी गॅसवर काहीतरी असायचं, कधी दुकानातून फोन यायचा. विमानात ना गॅस, ना फोन. मला बेटाचं फारसं काही नव्हतं. मला ते मधलं आकाश हवं होतं.

"हो हो," हे म्हणाले. मान खाली होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

विमानतळावरच्या खिडकीपाशी हातात पास पडले आणि मी नंबर वाचले. आम्ही दोघं पुढच्या भागात, डावीकडे: मला खिडकी, ह्यांना कडेची, मधली कुणाचीच नाही. धाकटी आणि साडू उजवीकडे, शेवटच्या ओळीत. धाकटीला खिडकी, साडूंना मधली. त्यांच्या पलीकडे कुणी परका, आणि त्याच्या पलीकडे संडास.

मी ह्यांना बाजूला घेतलं. "हे काय?"

"तांत्रिक अडचण," हे म्हणाले.

"अडचण कसली? तुमचं पोट दुखतंय."

मग हळू आवाजात त्यांनी मला युक्ती सांगितली. दोघांनी खिडकी आणि कडेची घ्यायची, मधली सोडायची. दोन परक्यांमधली सीट आपणहून कुणी मागत नाही. विमान उडालं की तिन्ही खुर्च्या आपल्या, पाय पसरून झोपायचं. "आणि उतरताना बेट डावीकडून दिसतं. कायम डावीकडून. शेकडो लोकांना मी डावी बाजू दिली, एकदा मला नको?" हे म्हणताना त्यांचा आवाज असा काही झाला की माझा राग तोंडाशी येऊन अडकला. पण गेला नाही. धाकटीकडे पाहिलं, तर ती हातात दोन गळ्याच्या उशा घेऊन हसत उभी होती. साडू म्हणाले, "वा, एकदम मागची ओळ. उतरायची घाईच नाही."

पहिलं विमान लहान होतं, ते कसंबसं सरलं. दुसऱ्या, लांबच्या विमानात आम्ही बसलो. माणसं येत गेली, जागा भरत गेल्या, आणि आमच्या मधली रिकामी ती रिकामीच. शेवटचा प्रवासी आत आला, आमच्या ओळीजवळ थबकला आणि पुढे गेला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही माणूस एवढा खुलत नाही. त्यांनी मधल्या खुर्चीवर आपला रुमाल पसरला आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

तेवढ्यात मागून हवाई सुंदरी आली. तिच्या मागे साडू.

"माफ करा," ती म्हणाली, "मागच्या मधल्या खुर्चीचा पट्टाच लागत नाहीये. तिथे कुणाला बसवता येणार नाही. अख्ख्या विमानात ही एकच जागा रिकामी आहे."

साडू अगदी अपराध्यासारखे उभे होते. "साडूभाऊ, मी म्हटलं त्यांना, मी धरून बसतो, पण ऐकत नाहीत."

दुसऱ्यासाठी खड्डा खणला की काय होतं ते आपण शाळेत शिकतो. पण खड्ड्यात स्वतःचा रुमाल आधीच अंथरून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ह्यांनी चष्म्याचं घर उचललं, रुमालाची घडी केली. माझ्या पोटात हसू मावेना. मग माझ्या डोक्यात आलं: मागे धाकटी एकटी आहे. तिच्या शेजारची खुर्ची बाद. आणि कडेला जो परका आहे, त्याला संडासाच्या दारापासून सुटका नको असेल का?

मी सरळ उठले. हवाई सुंदरीला म्हटलं, "माझी खिडकी त्या कडेच्या माणसाला द्या. मी मागे जाते."

"अगं, पण डावी बाजू," हे म्हणाले.

"बसा आता डाव्या बाजूला," मी म्हटलं.

तो कडेचा माणूस पैलवान निघाला. आनंदाने माझ्या खिडकीत जाऊन बसला तेव्हा साडूंची अर्धी खुर्ची त्याने घेतली, आणि साडू सरकले ते ह्यांच्या अंगावर. मी मागे वळून पाहिलं, तर तीन डोकी अशी एकमेकांना चिकटली होती की मधलं कुणाचं आणि कडेचं कुणाचं ते कळेना.

शेवटच्या ओळीत धाकटी खिडकीशी, मी कडेला आणि आमच्यामध्ये ती तुटक्या पट्ट्याची खुर्ची. विमान वर गेल्यावर आम्ही मधल्या खुर्चीचे हात वर केले, पाय वर घेतले आणि तिच्यावर आमच्या पर्सेस, उशा, चपला सगळा संसार मांडला. म्हणजे ह्यांची युक्ती फळली होती, फक्त ओळ चुकली होती. वास येत होता, पण आम्ही बोलत होतो. आईबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो. जेवणाची ताटं आली आणि गेली. मध्ये मी ह्यांच्या नावाने बोटं मोडायला लागले. "तुला सांगते, मुद्दाम तुम्हाला इथे टाकलं. लाज वाटते मला."

धाकटी हसली. "अगं, आम्हाला माहीत होतं. निघतानाच हे म्हणाले, गळ्याच्या उशा घे, मागच्या खुर्च्या झुकत नाहीत. साडूभाऊ मागेच बसवणार."

"आणि तरी काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? ह्यांच्या तर मनात होतं, चौघांची तिकिटं वरच्या वर्गाची काढायची. रुंद खुर्च्या, आपल्याकडून भेट म्हणून. मीच म्हटलं, नको. भाऊजींना ते लागेल. त्यांना आखू दे, त्यांना बरं वाटेल." मग तिने सहज, उशीचा अभ्रा नीट करता करता म्हटलं, "तुमच्याकडे येताना आम्ही गाडी नाही का कोपऱ्यावर लावत? तिथून टॅक्सी करतो. ह्यांचीच कल्पना."

तिच्या घराचा, गाडीचा, तीन दुकानांचा हेवा मला कधी वाटला नाही असं नाही. मीही माणूस आहे. पण तो वरवरचा होता. त्या क्षणी मात्र संडासाच्या दाराशी बसून मला माझ्या सख्ख्या बहिणीचा खराखुरा हेवा वाटला. एवढ्या वर्षांत दोघांनी मिळून एका जळकुकड्या माणसाचं मन जपलं होतं, कोपऱ्यावर गाडी लावून, आणि एकमेकांकडे पाहून हसून. आणि गॅलरीत वाकणारा तो माणूस माझा होता.

उतरायच्या वेळी वारा फिरला म्हणे, आणि विमान दुसऱ्या बाजूने आलं. धाकटीच्या खिडकीत अचानक बेट आलं. अख्खं, हिरवं, भोवती दुधासारखी रेघ. आम्ही दोघींनी काचेला नाक लावून पाहिलं. डावीकडे नुसतं पाणी होतं, तेही पैलवानाच्या पलीकडे.

विमानतळाच्या लांब रांगेत हे भेटले. एक खांदा कानाला टेकवून उभे होते.

"काय झालं?"

"तो झोपला माझ्या खांद्यावर. सगळा वेळ."

"मग हलवायचं ना."

"झोपू दे म्हटलं," हे म्हणाले. "उठवलं असतं तर फरशांबद्दल बोलत बसला असता." आणि मग इकडेतिकडे पाहून, आवाज खाली आणून, त्यांनी विचारलं. मला ठाऊक होतं ते हेच विचारणार. "मागून दिसलं का गं बेट?"

मागे साडू आणि धाकटी उभे होते. दोघांनाही ऐकू गेलं होतं. ह्यांच्या डोळ्यांत लोकांना डावी बाजू देत घालवलेला अख्खा जन्म उभा होता.

"छे," मी म्हटलं. "नुसता वास. तुमचीच जागा चांगली होती."

ह्यांचा खांदा सरळ झाला. "म्हटलं होतं ना. पैलवान आडवा होता म्हणून, नाहीतर डावीकडूनच दिसतं," ते म्हणाले, आणि बॅगा ओढत रांगेत पुढे झाले.

साडूंनी मान डोलावली. "आखणी म्हणजे आखणी, साडूभाऊ."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात दाबला. तिला कळलं होतं, आजपासून मीही त्यांच्या कामाला लागले. तिचा हेवा मात्र अजून जात नाही. त्या कामात तिला जोडीला नवरा आहे. मला ते एकटीने करायचं आहे, आणि तेही माझ्याच नवऱ्यापासून लपवून.