पालथा पुठ्ठा आणि आत्याची चौथी परीक्षा

माझ्या आत्याला गाडीच्या बॅटऱ्यांमधलं सगळं कळतं आणि गाडी चालवता येत नाही. लायसन्सच्या परीक्षेत ती तीनदा नापास झालीये, तिन्ही वेळा गाडी मागे घेताना. हसायचं तर मला हसा, मी नववीत शाळा सोडलीये. आत्याला हसाल तर माझ्याशी गाठ आहे.

तिचं बॅटरीचं दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि भिंतभर टांगलेले पुठ्ठे. गाडी आली की ती जुनी बॅटरी मोजत नाही, बॅटरी बसते तो खालचा ट्रे मोजते. "जुनी कुणा येड्याने बसवली असली तर आपण पण येडं व्हायचं?" मग त्या मापाचा पुठ्ठा कापते. पुठ्ठ्याला दोन भोकं, मोठं प्लसचं, लहान मायनसचं, कारण वायरी जेमतेम पोचतील एवढ्याच असतात. कडेला दोरा बांधते, बॉनेटला न लागता बॅटरी जेवढी उंच चालेल तेवढा. वर गाडीवाल्याचं नाव. नवी बॅटरी काढली की तिच्यावर पुठ्ठा ठेवायचा, जुळला तरच द्यायची. बावीस वर्षांत एकही बॅटरी परत आली नाही. एक!

चौथ्या परीक्षेला मी सोबत गेले होते. परीक्षा ड्रायव्हिंगवाल्या मास्तरांच्या गाडीत, आत्या रांगेत शेवटची. तिच्या आधीच्या काकांनी मैदानाच्या मधोमध गाडी बंद पाडली. परत किल्ली फिरवली तर नुसतं टक, टक, टक.

"बॅटरी मेली," आत्या लांबूनच म्हणाली.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. अकरा वीस. "बाराला मी उठणार. आणि बाई, तुमचं शिकाऊ लायसन्स आज संपतंय. आज नाही झालं तर सगळं पहिल्यापासून."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर माझ्यावर ओरडले, "भिंगरे, पळ दुकानात! चांगली मोठी आण, दणकट!"

"मास्तर, तीन नंबर मोठे बूट घालून तुम्ही जास्त पळता का?" आत्या म्हणाली. "भिंगरे, पुठ्ठ्याला जुळेल तीच."

मी स्कूटर अशी हाणली की गतिरोधकावर माझी चप्पलच उडाली. दुकानात शिरले, मास्तरांचा पुठ्ठा खेचला, एकेका बॅटरीवर आपटत गेले. चौथीला जुळला! लांबी, रुंदी, दोरा, भोकं, सगळं बरोब्बर. बॅटरी पायांत ठेवली आणि सुसाट परत.

आत्याने बॅटरी ट्रेमध्ये ठेवली. फिट्ट! मी नाचायला लागले. मग तिने प्लसची वायर ओढली. वायर डावीकडे, प्लस उजवीकडे, मध्ये वीतभर हवा.

"फिरवून ठेवा की!" मास्तर.

"फिरवली की टोकं मागच्या कडेला जातात. हे बघा." तिने फिरवून दाखवली. आता प्लस पोचत होती, मायनस दोन बोटं कमी. आत्या माझ्याकडे वळली. "पुठ्ठा ठेवलास तेव्हा वर नाव दिसत होतं का गं?"

नव्हतं. मी पुठ्ठा पालथा ठेवला होता. डावं ते उजवं, उजवं ते डावं.

"आत्या, मला मार."

"मारते. आधी पळ, अकरा चाळीस झालेत."

दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक बॅटरीवर पुठ्ठा ठेवून "मास्तर" हे नाव मोठ्याने वाचलं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "पोरगी गेली कामातून!"

परत आले तेव्हा बाराला दोन मिनिटं. टेबल रिकामं, साहेब गायब! बघते तर साहेबांच्याच जीपचं बॉनेट वर, आत्या आत वाकलेली आणि साहेब शेजारी मान खाली घालून उभे.

"ट्रे एवढा, बॅटरी एवढीशी! आणि ही फटीत रबरी चप्पल कुणी कोंबली?"

"मीच," साहेब म्हणाले. "हलत होती ना."

"हलणारच! हादऱ्यांनी मरेल बिचारी. आता बघा, नीट कशी बसवतात."

तिने माझ्या हातातली बॅटरी घेतली. मास्तरांच्या गाडीच्या ट्रेमध्ये ठेवली, पट्टी आवळली, आधी प्लस, मग मायनस. वायरी अलगद पोचल्या. मास्तरांनी हळूच सांगितलं, "साहेब, बारा वाजले." मी मास्तरांच्या पायावर पाय दिला.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि गाडीत जाऊन बसले. "आटपा."

एका किल्लीत सुरू! आता राहिलं मागे घेणं. मास्तरांनी डोळे गच्च मिटले. "आदळली?"

"अजून उभीच आहे."

"आदळली?"

"मागे चाललीये, मास्तर! सरळ! खांब गेला! दुसरा खांब गेला!"

"पाडला?"

"चुकवला हो!"

खिडकीतून साहेबांचा आवाज आला, "झालं, पास. थांबवा गाडी."

"आत्ता कुठे सुरू झालीये, साहेब!" आत्या ओरडली आणि अख्ख्या मैदानाला चक्कर मारायला निघाली. साहेबांनी वरची कडी दोन्ही हातांनी धरली होती. मी गाडीमागे धावत सुटले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि माझ्या मागे मास्तर, "ब्रेक! बाई, ब्रेक!" करत.