घळीत न मावलेला माणूस

बाळू पैलवान गेल्याचा फोन आष्ट्याहून गणपानं केला, तेव्हा मी पहिली चौकशी केली ती बाळूच्या बायकोच्या, अनसूयावहिनींच्या, कुंकवाची. तो म्हणाला, "हाय तसंच हाय. बायका पुसाय आल्या, तर म्हनाली, पयल्यांदा पुसलं तवा मला कुनी इचारलं न्हवतं. आता मी सांगते, न्हाई." मग मी निर्धास्तपणे रडलो...

लढाईचे दिवस होते. आमच्या साताऱ्याकडच्या डोंगरात एक घळ आहे. दोन कडे एकमेकांना खेटून उभे, वर आभाळाची चिंधी. पापी माणूस तिच्यात अडकतो अशी तिची ख्याती. दर यात्रेला गावचे पाटील वाजतगाजत तिच्यातून पार होत आणि पलीकडे हार घालून घेत. त्यांचे उद्योग सगळ्यांना माहीत होते. पण अंगानं ते वाळक्या शेंगेसारखे, आणि घळीला तेवढंच कळत असावं. बाळूला अनसूयेशी लग्न करायचं होतं. ती हळद उतरायच्या आत विधवा झालेली. आसपासच्या कितीतरी घरांत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे, पण बाळूच्या घराण्याला आपल्या कुळाची आठवण फार. चुलते म्हणाले, "पाप न्हाई म्हनतोस? मग घळ पार कर. आमी सोता अक्षता टाकू." सांगलीच्या तालमीत कमावलेले पुतण्याचे खांदे त्यांना दिसत नव्हते, असं नाही.

आम्ही तिघं शिरलो. पुढे काडी पैलवान मी, मध्ये बाळू, मागे पलटणीतून रजेवर आलेला गणपा. कंबरभर पाणी, हाडं गोठवणारं. पाठ एका कड्याला, पाय दुसऱ्याला रोवून सरकायचं. कोपरं सोलून निघाली. शेवटच्या चिमटीत छातीतला सगळा श्वास सोडला तरच अंग पुढे जाई. मी गेलो. पलीकडे पाटील आणि चुलते पान चघळत बसले होते. पुण्यवान ठरण्याचा योग माझ्या आयुष्यात तेवढाच आला.

बाळू अडकला. गणपा मागून रेटतोय, मी पुढून ओढतोय, कातळ खांद्यांची साल काढतोय.

"तेल आणू का रे?" मी विचारलं.

"मी काय भरलं वांगं हाय व्हय रं?"

"अडकला न्हवं!" पाटील ओरडले. "देवानं न्याय केला!"

आतून बाळूचा आवाज आला, घळीनं दुप्पट केलेला. "आवं पाटील, ह्यात कसलं पाप-पुण्य? छातीचं माप हाय हे! मी चाललो माघारी. लगीन हुनारच. यायचं तर या!"

तो उलटा सरकू लागला. मीही नुकतंच मिळालेलं पुण्य पाटलांच्या पायाशी ठेवलं आणि त्याच्यामागे परत घळीत शिरलो.

पाट अंधारात, गुपचूप लावायची रीत. बाळूनं भर दुपारी, हलगी लावून लावला. चुलत्यांनी वाटणी नाकारली, तेव्हा दोघं आष्ट्याला गेली, दुसऱ्याच्या उसात राबली आणि पुढे घर बांधलं. त्याला दार ठेवलं बैलगाडी जाईल एवढं. गवंडी हसला, तर बाळू म्हणाला, "माझ्या दारात कुनी अडकायचं न्हाई."

शोकसभेत एका पुढाऱ्यानं त्याला थोर समाजसुधारक करून टाकलं. बाळूनं समाजबिमाज काही सुधारला नाही. त्याला अनसूया आवडली होती आणि कुणाला विचारायची गरज वाटली नव्हती.

परवा आष्ट्याला गेलो. ठसठशीत कुंकू लावून वहिनी त्या दारात मधोमध बसल्या होत्या, शेंगा फोडत. "या की भावजी," म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. हलायची गरजच नव्हती. दोन्ही बाजूंनी वाट होती.