रेकॉर्डवर नसलेला श्वास

ज्ञानदेव गजभियेच्या तळघराचा जिना उतरला की आधी पितळेच्या पॉलिशचा वास यायचा आणि मग दिसायचे बिगुल. छताखालच्या पाइपांना दोरीनं टांगलेले, टेबलावर उघडे पडलेले, कपड्यांच्या ड्रायरवर टॉवेलात गुंडाळून ठेवलेले. हिवाळ्यात सहज साठ-पासष्ट भरायचे. त्याची बायको सुमित्रा नर्स होती. ती म्हणायची, "माझ्या वॉर्डातसुद्धा इतके पेशंट नसतात."

मी जर्सी सिटीला मुलाकडे राहायला आलो १९८१ साली. पस्तीस वर्षं तोंडाला रंग लावून गावोगाव हिंडलेला माणूस मी, इथं बाराव्या मजल्यावरून नदीतल्या बोटी मोजत बसायचो. त्या वर्षी मराठी मंडळानं गणपतीत ऐतिहासिक नाटक घेतलं आणि मला दिग्दर्शक केलं. दुसऱ्या अंकाला बिगुल हवा होता. कुणीतरी म्हणालं, त्या गजभियेकडे बिगुलांचा ढीग आहे. ज्ञानदेव आला, विंगेत उभा राहिला आणि वाजवू लागला. स्वर चढत गेले, आणि सगळ्यांत वरच्या स्वराच्या आधी तो थांबला. मला वाटलं, विसरला. तेवढ्यात त्यानं अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा श्वास घेतला आणि मग तो स्वर आला.

"हे कुठं शिकलास रे?" मी विचारलं.

"माझ्या बाबांचं आहे ते, काका."

त्याचे वडील राजाराम सैन्यात बिगुल वाजवायचे. निवृत्त झाल्यावर नागपुरात चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे त्यांचाच बिगुल असायचा. ते पोराला सांगत, श्वास लपवायचा नाही, आता आपण वर जाणार हे लोकांना कळलं पाहिजे. मी नाटकवाला, मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. वाक्याआधी नट कसा थांबतो त्यावर ते वाक्य पडतं की उभं राहतं ते ठरतं.

दिवसा ज्ञानदेव एका कारखान्यात साचे घडवायचा. त्या बिगुलांची गोष्ट त्यानं मला त्याच दिवशी चहा पिताना सांगितली. १९७६च्या उन्हाळ्यात कामावरून येताना चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये शंभरेक मुलं बिगुल आणि ड्रम घेऊन उभी दिसली. 'लँटर्न कॅडेट्स' असं त्यांच्या पथकाचं नाव. अशा पथकाला इथं ड्रम कोअर म्हणतात. ही मुलं उन्हाळाभर बसमधून गावोगाव जातात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, आणि संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर चालत, आकृत्या करत दहा-अकरा मिनिटांचा खेळ करतात. परीक्षक गुण देतात. एकविसावं वर्ष सरलं की कोअर सोडावंच लागतं, मग तो कितीही मोठा वाजवणारा असो. मी म्हटलं, "अरे, ही तर आमची नाटक कंपनीच. फक्त आमच्यात म्हाताऱ्यांना काढत नसत, नाहीतर मी केव्हाच सुटलो असतो."

त्या दिवशी एका मुलीच्या बिगुलाला मोठा पोचा होता. ज्ञानदेवनं तो घरी नेऊन काढून आणला. त्यानंतर आठ वर्षं दर हिवाळ्यात कोअरचे सगळे बिगुल त्याच्या तळघरात यायचे. डायरेक्टर हॅलोरन म्हणून होता, अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, दांडगा, गोड बोलणारा माणूस. तो याला डॅन म्हणायचा. "डॅन नसेल तर आमचा सूर नसेल," असं तो चारचौघांत सांगायचा आणि ज्ञानदेव मान खाली घालून हसायचा.

ज्ञानदेवची मुलगी शीला चौदाव्या वर्षी कोअरमध्ये गेली. बापानं तिला तळघरात शिकवलं होतं, आजोबांच्या श्वासासकट. १९८४ हे तिचं शेवटचं वर्ष, आणि त्या वर्षी खेळाच्या मध्यावरचा एकटीनं वाजवायचा तुकडा तिला मिळाला. आठच ओळींचा. सगळं मैदान गप्प होणार आणि शीला एकटी वाजवणार. ही बातमी ज्ञानदेवनं नागपूरला आईला कळवली. जाईबाईंची दृष्टी गेली होती. त्यांनी पुतण्याकरवी उत्तर पाठवलं: मला आता काही दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. पोरीचा बिगुल ऐकव. तिच्या आजोबांसारखा श्वास घेते का ते ऐकायचं आहे.

ज्ञानदेवनं ठरवलं, फायनलची रेकॉर्ड निघाली की तिची कॅसेट करून पाठवायची. दरवर्षी फायनलच्या खेळांची रेकॉर्ड निघायची. ज्ञानदेवच्या फळीवर अशा आठ होत्या, तारखेनं लावलेल्या.

जूनमध्ये पहिला खडा लागला. परीक्षक खेळ बघताना छोट्या टेपरेकॉर्डरवर बोलत जातात आणि ती टेप नंतर कोअरला देतात. एका टेपमध्ये परीक्षक म्हणाला होता, बिगुलवाली मुलगी वरच्या स्वराआधी श्वास घेते, ओळ तुटते. हॅलोरननं शीलाला सांगितलं, तो श्वास काढ. ज्ञानदेव त्याच्याकडे गेला, श्वास कुणाचा ते सांगितलं. हॅलोरन म्हणाला, "डॅन, मी समजू शकतो. बघू."

जुलैच्या शेवटी नागपूरहून फोन आला, जाईबाईंना दवाखान्यात ठेवलंय. फायनल तीन आठवड्यांवर. ज्ञानदेव तिकीट काढेना. मी त्याच्याबरोबर पार्किंग लॉटमध्ये गेलो तेव्हा उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि मुलं त्याच चार ओळी विसाव्यांदा वाजवत होती.

"मी गेलो तर तिचा तुकडा राहील ना?" ज्ञानदेवनं विचारलं.

त्या कोअरमध्ये एक रीत होती. मोठा शब्द द्यायचा तर बिगुलाच्या तोंडावर तळहात ठेवून द्यायचा. हॅलोरननं शेजारच्या मुलाचा बिगुल घेतला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तो तुकडा शीलाचाच आहे. आईकडे जा, डॅन."

तो गेला.

फायनलला बापाच्या जागी मी गेलो, पालकांच्या बसमधून, पेनसिल्व्हानियात. ज्ञानदेवनं मला त्याचा टेपरेकॉर्डर दिला होता. स्टेडियमच्या दारावर रेकॉर्डिंगला मनाई असा मोठा बोर्ड, म्हणून मी तो डब्याच्या पिशवीत, पोळ्यांखाली घातला. फार वरची जागा मिळाली. खाली शंभर आकृत्या, सगळ्यांना एकच गणवेश, कपाळावर ओढलेली एकच तुऱ्याची टोपी. मध्यावर मैदान गप्प झालं. एक आकृती पुढे आली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, चष्मा धुकटला होता. स्वर चढू लागले, आणि बरोबर वरच्या स्वराच्या तोंडाशी माझ्या तोंडून निघालं, "वा! वा, पोरी!" पस्तीस वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला आवाज आहे हा. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले.

खेळ संपल्यावर शेवटचं वर्ष असलेली मुलं आपले पांढरे हातमोजे मैदानाच्या रेघेवर ठेवून मागे न बघता जातात. मी खाली उतरलो होतो. शीलानं हातमोजे ठेवताना मी जवळून पाहिलं. ती रडत होती. रडणारच, मला वाटलं.

सप्टेंबरात ज्ञानदेव परतला. जाईबाई घरी आल्या होत्या, रेकॉर्डची वाट बघत होत्या. मी त्याच्या तळघरात उभं राहून त्याला फायनल करून दाखवली. मैदान, शांतता, पुढे येणारी आकृती. शीला जिन्यावर बसून ऐकत होती. "आणि तो श्वास, ज्ञानदेव," मी म्हणालो, "तो श्वास मी माझ्या कानांनी ऐकला." खोटं नव्हतो बोलत. मला खरंच ऐकल्यासारखं वाटत होतं. त्यानं माझी टेप लावली तर नेमक्या त्या जागी माझी 'वा' होती, बाकी काही ऐकू येईना. तो हसला. "काका, आईला ही कशी पाठवू? तिला वाटेल नातीला कुणी मारतंय. रेकॉर्ड येऊ द्या."

पुढे मंडळात, कोजागिरीला, दिवाळीत, मी ती फायनल आणखी दहा जणांना करून दाखवली असेल.

रेकॉर्ड डिसेंबरात आली, एका रविवारी दुपारी आम्ही ती तळघरात लावली. नेहमीप्रमाणे कोअरचे बिगुल दुरुस्तीला आलेले होते. ज्ञानदेव हातातला बिगुल पुसता पुसता ऐकत होता. मध्य आला. स्वर चढले आणि न थांबता, एका दमात, तेल लावल्यासारखे वर गेले. वरचा स्वर आला तो जरा थरथरत, नटवल्यासारखा.

ज्ञानदेवनं सुई उचलून परत मागे ठेवली. पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

"त्यांनी कापलाय," मी म्हणालो. "रेकॉर्ड करताना कापतात हल्ली."

"नाही, काका. शीला स्वर हलवत नाही. ही शीला नाही."

त्यानं वर हाक मारली. शीला खाली आली, रेकॉर्ड फिरताना पाहिली आणि शेवटच्या पायरीवरच बसली.

"कोण आहे ही?" ज्ञानदेवनं विचारलं.

"ट्रेसी. माझ्या बाजूला उभी असते ती."

"केव्हा ठरलं?"

"त्याच दिवशी. दोन तास आधी. हॅलोरननी बसच्या मागे नेऊन सांगितलं. म्हणाले, तुला नको असेल तर मार्च करू नकोस, पण मग लाइनमध्ये होल राहील." ती म्हणाली, "बाबा, you don't leave a hole. कोणीच नाही ठेवत."

"आणि मला फोनवर?"

"तुम्ही आजीजवळ होता. मी म्हटलं, शो छान झाला. झालाच होता ना छान. आल्यावर सांगणार होते." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "पण काका इतकं सुंदर सांगत होते."

मी त्या खुर्चीत इतका म्हातारा याआधी कधीच झालो नव्हतो.

हॅलोरनला ज्ञानदेवनंच फोन करून बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी आला, टोपी हातात घेऊन. त्यानं काहीच नाकारलं नाही. "चौथ्या कोअरपेक्षा दोन दशांश गुण जास्त, म्हणून आपण तिसरे आलो, डॅन. फक्त दोन दशांशानं. मला शंभर मुलांचं बघायचं असतं."

"तुम्ही बिगुलावर हात ठेवला होता."

"मी शब्द दिला नसता तर तू गेला नसतास. आईचं मला कळत होतं. मी ते तुझ्यासाठी केलं."

"मी इथं असतो तर बदललं असतं?"

हॅलोरननं टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "तू इथं असतास तर तुझ्या तोंडाकडे बघून जमलं नसतं." इतकं सांगून तो गेला. हा माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. आमच्या कंपनीचे मालक असेच होते. नटाला गावाला पाठवायचे आणि त्याच्या भूमिकेचे कपडे दुसऱ्याच्या मापाचे करून घ्यायचे. मीही एकदा असे माझ्या मापाचे करून घेतलेले कपडे घालून उभा राहिलो आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. ज्याचे कपडे होते त्याला मी कधी भेटायला गेलो नाही. ट्रेसीचं नाव ऐकताना मला तो आठवला.

राहिली होती जाईबाईंची कॅसेट. ज्ञानदेव शीलाला म्हणाला, "जाऊ दे फायनल. तू इथं वाजव. आजीला तुझाच हवा आहे." त्यानं तिचाच बिगुल दोरीवरून काढून दिला. मी टेपरेकॉर्डर धरला आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड झाकलं.

शीलानं वाजवलं. स्वर चढत गेले आणि न थांबता वर गेले.

"श्वास," ज्ञानदेव हळूच म्हणाला. "श्वास राहिला."

तिनं पुन्हा वाजवलं. वरच्या स्वराआधी ती थांबली, पण आत काहीच आलं नाही, नुसतीच फट पडली आणि स्वर फाटला. तिसऱ्यांदाही तेच झालं. तिनं बिगुल मांडीवर ठेवला.

"मी जुलैतच काढून टाकला होता, बाबा. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. रोज दोनशे वेळा प्रॅक्टिस केली, तो जाईपर्यंत. मला वाटलं, श्वास काढला तर तुकडा राहील." तिनं बिगुल बापाकडे सरकवला. "He still gave it to her. आणि आता तो येतच नाही."

ज्ञानदेवनं शीलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला वर पाठवलं. मग फळीवरून माझी ती जुनी टेप काढली, जिच्यात वरच्या स्वराच्या तोंडाशी माझी 'वा' आहे, आणि पाकिटात घातली.

"ज्ञानदेव," मी म्हणालो.

"तुमच्या आवाजाखाली काय आहे ते कुणालाच कळत नाही, काका," तो म्हणाला आणि पाकिटावर नागपूरचा पत्ता लिहू लागला.

त्या हिवाळ्यात त्यानं सगळे बिगुल दुरुस्त केले, एकही पोचा ठेवला नाही, आणि फेब्रुवारीत ते चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये ओळीनं मांडून आला. हॅलोरन यायच्या आत परतला. पुन्हा त्या बाजूला गेला नाही. नवी रेकॉर्डही त्यानं कधी मागवली नाही.

जाईबाईंचं उत्तर मार्चमध्ये आलं, पुतण्याच्या अक्षरात. ज्ञानदेवनं मला ते वाचून दाखवलं. 'पोरीचा बिगुल ऐकला. तीन वेळा लावायला सांगितला. मधे कोणी माणूस ओरडतो, तो कोण आहे? पण त्याच्या ओरडण्यातूनही मला श्वास ऐकू आला. अगदी तुझ्या बाबांचा. शीलाला सांग, आजी आता निवांत आहे.'

त्यानं कागदाची घडी घातली. शीला वर स्वयंपाकघरात होती, तिच्या चालण्याचा आवाज येत होता.

"सांगणार तिला?" मी विचारलं.

"काय सांगू?" ज्ञानदेव म्हणाला. "आतापर्यंत हॅलोरनला शिव्या देत होतो, काका. आता त्याच्यासारखंच मीही केलं, आईचं भलं म्हणून." त्यानं पत्र रिकाम्या दोऱ्यांखालच्या टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला.