एक मत राहिलं

महापालिकेची निवडणूक जाहीर झाली की आमच्या गल्लीत उमेदवारांच्या आधी झाडेकाका दारोदार फिरायचे. काखेत बुटांचा खोका. त्या वर्षी खोक्यावर पांढरा, गुलाबी, पिवळा आणि निळा असे चार कागद डकवलेले, आणि प्रत्येक कागदावर जुन्या शर्टाच्या गुंड्या शिवलेल्या. एका प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे, म्हणून प्रत्येकाने चार मतं द्यायची. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

कोराडीच्या वीज केंद्रात काकांनी अख्खी नोकरी बटणांसमोर काढलेली. काकू गेल्या होत्या, मुलगी बंगळूरला होती. शेजारच्या तीन खोल्यांत ते एकटेच राहत. माझ्या आईला ते पुन्हापुन्हा शिकवायचे. "वैनी, चार रंग, चार बटनं. तीनच दाबून निघाल्या, तं मशीन उपाशी राहते!" आईने चौथी गुंडी दाबली की काका तोंडानेच लांब शिटी वाजवायचे आणि बजावायचे, "हा आवाज आल्याबिगर जागचं हलाचं नाही." चहा होईपर्यंत ही शिकवणी चाले. मी आतल्या खोलीत वैतागायचो. "यांना दुसरा उद्योग नाही," असं एकदा मोठ्याने म्हणालोही. त्यांना ऐकू गेलं असणार.

मतदानाच्या दिवशी रांगेत मी त्यांच्या मागेच होतो. कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. टेबलावरच्या बाईंनी त्यांचं नाव मोठ्याने वाचलं, बोटाला शाई लागली, काका आडोशामागे गेले आणि लगेच बाहेर येऊन दाराकडे चालू लागले. मशीन मात्र गप्प होतं.

"अहो, रामकृष्ण झाडे! थांबा! एक मत राहिलं तुमचं!" अधिकारी ओरडला. दारातला पोलीस आडवा आला. रांगेतली माणसंही "काका, ओ काका" करू लागली. काका वळले. इतका खुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. सगळ्यांना हात जोडत ते परत गेले आणि मग कुठे ती लांब शिटी वाजली. मागच्या निवडणुकीत दोनच मतं द्यायची होती. तेव्हाही त्यांनी एक सोडलं होतं, हे मला तिथेच आठवलं.

घरी येताना मी चेष्टा केली. "काय काका, साऱ्या गल्लीले शिकवलं अन् तुम्हीच नापास?"

ते म्हणाले, "चुकलो नाही गा. सोडतो मी एक. चारही दाबून निघालो असतो, तं कोणं मान तरी वर केली असती का? घरी महिना महिना मले कोणी आवाज देत नाही. इथं पुऱ्या नावानं बोलावते, थांबा म्हणते. बरं वाटते."

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला निघताना कुंपणापाशी थांबून मी हाक मारू लागलो, "रामकृष्ण झाडे!" आतून लगेच "हाजीर!" यायचं. पंधरा-वीस दिवस हे चाललं. मग मार्चअखेरची गडबड आली, मग माझं ऑफिस शहराबाहेर मिहानकडे गेलं आणि सकाळी लवकर निघावं लागलं. हाक मारायची राहून गेली. काकांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. भेटले की एवढंच म्हणायचे, "पुढची निवडणूक कवा हाय गा?" पाच वर्षं उलटून गेली, तरी निवडणूक काही लागेना.

एका सकाळी त्यांच्या दाराशी दुधाच्या दोन पिशव्या दिसल्या. एक आजची, एक कालची. मी कुंपणापाशी उभा राहिलो आणि पूर्ण नावाने हाक मारली. तीनदा मारली.

निवडणूक लागली ती त्यानंतर. यादीतून त्यांचं नाव कमी झालेलं नव्हतं. त्यांची मतदार चिठ्ठी कोणीतरी आमच्याच दारात टाकून गेलं. ती खिशात घेऊन मी मतदानाला गेलो. पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. चारही बटणं दाबली. लांब शिटी वाजली. दारापर्यंत मी मुद्दाम सावकाश चालत गेलो. कोणी मान वर केली नाही. मागे पुढच्या मतदाराचं नाव वाचलं जात होतं.